उघाडीवरचे नोड: खारेपाटातल्या सेन्सर जाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१० एप्रिल २०२५

काम पक्कं झालं. अलिबागच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या अंगाला, बांधावरच्या उघाड्यांवर पाण्याची पातळी आणि क्षारता मोजायची. प्रत्येक उघाडीला एक नोड. तो तीन गोष्टी मोजणार: खाडीकडची पातळी, शेताकडची पातळी आणि शेताकडच्या पाण्याची विद्युतवाहकता (पाणी जितकं खारं तितकी ती जास्त). दर दहा मिनिटांनी एक संदेश. गेटवे, म्हणजे नोडांचे संदेश झेलणारा रेडिओ, गावच्या पाण्याच्या टाकीवर, सर्व्हर त्याच्याच खालच्या खोलीत, धोक्याचा भोंगाही तिथेच तारेने जोडलेला. इंटरनेट गेलं तरी भोंगा वाजला पाहिजे, ही गावाची पहिली अट होती आणि ती रास्त आहे.

ज्यांनी उघाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बांधात बसवलेलं हे दार. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत उतरतं, भरतीला खाडीचं पाणीच झडप दाबून धरतं. मोटर नाही, वीज नाही. पण झडपेत ओंडका नाहीतर प्लास्टिकचा गोळा अडकला की खारं पाणी आत. त्यात बांध खेकड्यांनी पोखरलेला असला की आधी पाझर, मग खांड, म्हणजे बांधाला भगदाड. खांड गेली आणि शेत खारं झालं की पावसाच्या पाण्याने ते धुवून निघेपर्यंत भाताचं नाव काढायला नको.

बैठकीत तात्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "पान्याची उंची कोन चोरनार रं? पट्टी रंगवलेली हाय उघाडीवं, येनार-जानार वाचतंय." लोक हसले. पण प्रश्न अगदी बरोबर होता. पातळी गुप्त नाही आणि ती गुप्त असावी असं कोणाला वाटतही नाही.

मी उलटा प्रश्न टाकला. पातळी कोणी चोरणार नाही, पण खोटी पातळी कोणी पाठवली तर? यावर कोणी हसलं नाही. कारण इथे भातवाले आहेत आणि कोळंबी-जिताडावालेही आहेत. एकाला खारं पाणी बाहेर हवं, दुसऱ्याला थोडं आत हवं. रात्री झडप कोणी उचलली, यावरून दरवर्षी बोलाचाली होतात. आमचे आकडे उद्या याच भांडणात पुरावा म्हणून पुढे येणार. म्हणजे आकडा खोटा असण्यात कोणाचा तरी फायदा असू शकतो.

वहीत क्रम लिहून टाकला: आकडा त्याच नोडचा असावा, तो आत्ताचा असावा, तो पोचावा. गुप्तता यानंतर.

१४ एप्रिल

आज कागदावर संदेशाची मापं. पातळ्यांना प्रत्येकी २ बाइट, वाहकतेला २, बॅटरीला १. मिळून ७. हे जाणार लोरावॅनवरून, म्हणजे थोड्या विजेत छोटे संदेश लांब नेणाऱ्या रेडिओ पद्धतीने. तिचं स्वतःचं सामान १३ बाइट: प्रकार, नोडचा पत्ता, नियंत्रण, काउंटर, पोर्ट आणि शेवटी ४ बाइटांचा एमआयसी, म्हणजे संदेश खरा असल्याची मोहोर. म्हणजे हवेत जाणार २० बाइट.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, तिथेच आमचं काम. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला हेच २० बाइट एसएफ ७ वर सुमारे ५७ मिलिसेकंद हवेत राहतात, एसएफ १० वर ३७१ आणि एसएफ १२ वर १३१९. एसएफ जितका मोठा तितका संदेश सावकाश जातो, पण लांब पोचतो. खाडीवर मध्ये अडसर नसला तरी दोन उघाड्या तिवरांच्या मागे आहेत आणि अँटेना पाण्यापासून फार वर नेता येत नाही. एसएफ १० धरून चाललो.

"एन्क्रिप्शन लावलं की बॅटरी खातं" ही समजूत कमी वीज वापरणाऱ्या जाळ्यांच्या कामात इतक्यांदा ऐकली आहे की या वेळी हिशेबच मांडला. नोडमध्ये अ‍ॅटमेगा३२८पी ही चिप आणि एसएक्स१२७६ रेडिओ आहे. पूर्ण ताकदीला, म्हणजे २० डीबीएमला, रेडिओ १२० मिलिअँपिअर ओढतो. ३.३ व्होल्ट, ३७१ मिलिसेकंद: साधारण १४७ मिलिज्यूल. आता एईएस-१२८, म्हणजे लोरावॅनमधलं सांकेतीकरण. पेलोडला, म्हणजे आमच्या ७ बाइटांना, एक ब्लॉक, एमआयसीला तीन. ८ मेगाहर्ट्झच्या या जुनाट चिपवर साध्या सी लायब्ररीने चारही ब्लॉक चार-पाच मिलिसेकंदांत उरकतात आणि तेवढा वेळ प्रोसेसर चारेक मिलिअँपिअर खातो. एक मिलिज्यूलचा दहावा भागही होत नाही.

खर्च आहे तो एमआयसीच्या ४ बाइटांचा, कारण ते हवेतून न्यावे लागतात. ते काढले तर ३७१ चे ३३० मिलिसेकंद होतात. सुरक्षेची खरी किंमत ही ४१ मिलिसेकंदं. ती मी आनंदाने देतो. आकडा कोणाचा आहे हे सांगणारी एकमेव गोष्ट तीच.

२ मे

नोड आले. खोकी चांगली आहेत, रबरी गॅस्केट जाड आहे, केबलच्या ग्रंथी पितळी. खाऱ्या हवेत त्या हिरव्या पडतील, पण टिकतील.

आतलं सॉफ्टवेअर मात्र तसं नाही. सगळे नोड एबीपीवर, म्हणजे सत्रकिल्ल्या (संदेश झाकायच्या आणि मोहोर लावायच्या किल्ल्या) कारखान्यातच कोरलेल्या. आणि प्रत्येक नोडमध्ये त्याच किल्ल्या. नेटवर्कची तीच, अ‍ॅप्लिकेशनचीही तीच. फक्त पत्ता वेगळा, तोही ओळीने एक-एक वाढत गेलेला. पुरवठादाराला फोन केला. म्हणाले, "साहेब, बसवायला सोपं जातं, सगळीकडे असंच देतो."

उघाडी गावापासून लांब. तिथे नोडला राखण नाही. कोणीही स्क्रू काढून खोकं घरी नेऊ शकतं आणि पन्नास रुपयांच्या वायरीने चिप वाचू शकतं. सगळ्यांची किल्ली एक असेल तर एका खोक्यात पूर्ण बांध गेला. नोडगणिक वेगळी किल्ली असेल तर गेला तर एक नोड. तिथे कोणतंही गणित या साध्या शिस्तीची जागा घेत नाही.

ठरवलं: सगळं पुसून ओटीएए, म्हणजे नोड जोडला जाताना दर वेळी नव्या सत्रकिल्ल्या. प्रत्येक नोडला स्वतःची १२८ बिटांची मूळ किल्ली, सर्व्हरच्या यंत्रावर यादृच्छिक तयार केलेली. नोड जोडला जाताना त्या मूळ किल्लीतून दोन सत्रकिल्ल्या निघतात, मूळ किल्ली हवेत कधीच जात नाही. चिपचे लॉक बिट लावायचे, म्हणजे फ्लॅश आणि ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमधल्या साठवणी) बाहेरून वाचता येत नाहीत. प्रयोगशाळेतला जिद्दी माणूस तरीही वाचेल. बांधावरचा उत्सुक माणूस वाचणार नाही, आणि माझा प्रश्न त्याचाच आहे.

किल्ल्यांची नोंद कागदी वहीत, दोन प्रती, दोन घरांत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर एकही किल्ली पडता कामा नये, हे मी दोनदा बोललो. तात्या म्हणाले, "कपाटाची चावी आमी ग्रूपवं टाकतो का?"

२० मे

जुनं सॉफ्टवेअर पुसायच्या आधी एक नोड तसाच ठेवला होता. आज टेबलावर त्याची परीक्षा. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय इथून आले.

लोरावॅनमध्ये पेलोड थेट एईएसमधून जात नाही. किल्ली, नोडचा पत्ता, दिशा आणि फ्रेम काउंटर यांच्यापासून एईएस एक बाइटांची माळ काढतं आणि पेलोड त्या माळेशी एक्सऑर होतो (बिट सारखे तर ०, वेगळे तर १; तीच माळ पुन्हा लावली की मूळ आकडा परत). काउंटर प्रत्येक संदेशाला एकाने वाढतो, म्हणून माळ दर वेळी नवी. सगळं या "दर वेळी नवी"वर उभं आहे.

जुन्या नोडमध्ये काउंटर फक्त रॅममध्ये होता. बॅटरी काढली, लावली, काउंटर शून्य. एबीपी असल्याने किल्ली तीच. म्हणजे माळही तीच, पहिल्या संदेशापासून पुन्हा.

दोन वेळा चालू करून त्याच काउंटरचे दोन संदेश एका साध्या एसडीआरने, म्हणजे संगणकाला जोडायच्या रेडिओने, पकडले. एकदा सेन्सर १८२ सेंटिमीटरवर होता, एकदा २१४ वर. दोन्ही सांकेतिक बाइट एकमेकांशी एक्सऑर केले. उत्तर ९६. आता कागदावर: १८२ म्हणजे १०११०११०, २१४ म्हणजे ११०१०११०, दोघांचा एक्सऑर ०११०००००, म्हणजे ९६. माळ दोन्हीकडून कापली गेली. किल्लीला हात न लावता.

पुढचं पाऊल आणखी सोपं. उघाडीवर पट्टी रंगवलेली आहे. पहिल्या संदेशाच्या वेळी कोणी बांधावर उभं राहून १८२ वाचलं असेल, तर ९६ शी एक्सऑर करून दुसऱ्या वेळचे २१४ त्याला घरबसल्या मिळतात. तात्यांची पट्टीच इथे शत्रूच्या कामी येते. आणि त्या काउंटरची माळ एकदा हाती लागली की त्या काउंटरवर आलेला कुठलाही संदेश उघडा.

गुप्तता आमच्या यादीत शेवटी आहे, मग एवढा त्रास कशाला? कारण तोच शून्यावर गेलेला काउंटर दुसरं काम करतो. नोड पुन्हा शून्यापासून बोलू लागला की सर्व्हर त्याला जुना समजून फेकून देतो. नोड जिवंत, सर्व्हर बहिरा. यावर नोडसोबत आलेल्या पत्रकात उपाय छापला आहे: सर्व्हरवर "काउंटर तपासणी बंद" अशी खूण करा. खूण केली की संदेश येऊ लागतात, सगळे खूश. आणि मग कोणीही गेल्या आठवड्याचा "पातळी ठीक" संदेश पकडून ऐन उधाणात परत सोडू शकतो. एमआयसी बरोबर असतो, कारण संदेश खराच आहे, फक्त शिळा.

बाजारातल्या शिळ्या मासळीसारखंच हे: खवले खरे, नाव खरं, दिवस तेवढा खोटा.

हा आजार लोरावॅनचा एकट्याचा नाही. वायफायच्या जुन्या डब्ल्यूईपीमध्ये २४ बिटांचा आयव्ही, म्हणजे संदेशागणिक बदलायचा आकडा, भराभर पुन्हा येई. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहॉफ यांनी दाखवलेला क्रॅक हल्ला डब्ल्यूपीए२ ला जुना नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) पुन्हा वापरायला लावण्यावरच चालतो. एईएस २००१ पासून मानक आहे आणि अजून शाबूत आहे. मोडतो तो त्याच्या शेजारचा काउंटर.

२६ मे

पाऊस आला. मे महिन्यातच. मुंबईपर्यंत मान्सून आज पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, इतक्या लवकर तो मुंबईत कधी आल्याचं कोणाला आठवत नाही. आमचं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं होतं. बांधावरची माती आताच घोट्यापर्यंत. खांब रोवायचे राहिलेत ते चिखलात रोवावे लागणार. सोलर पॅनेलवर ढग. बॅटऱ्या घरून भरून नेतोय.

११ जून

वटपौर्णिमेच्या उधाणात दोन नोड बसवले. बाकीचे भांगात बसवू, पाणी कमी हलतं तेव्हा. आज काउंटर जपण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण झालं, ते आधी.

अ‍ॅटमेगाच्या ईईप्रॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची. दहा मिनिटांना एक म्हणजे दिवसाला १४४ संदेश. दर संदेशाला काउंटर लिहिला तर ६९४ दिवसांत ती जागा म्हातारी, दोन वर्षंही नाहीत. म्हणून दर ६४ संदेशांना एकदाच लिहायचं, आणि नोड चालू झाला की लिहिलेल्या आकड्यात ६४ मिळवून तिथून सुरुवात करायची. मधले काही आकडे वाया जातात. जाऊ देत. आकडा पुढे उडी मारला तर चालतं, मागे आलेला चालत नाही. ईईप्रॉमचं आयुष्य यात शंभर वर्षांच्या पुढे जातं, खोकं त्याआधी गंजेल.

उडीला सर्व्हरची हरकत नको. लोरावॅन १.०.३ पर्यंत काउंटरमधली तफावत १६३८४ च्या आत असावी लागे, ६४ त्यात कुठेच दिसत नाही. हवेत काउंटरचे फक्त खालचे १६ बिट जातात, वरचे १६ सर्व्हर स्वतः धरतो. ६५५३६ संदेश म्हणजे आमच्या वेगाने ४५५ दिवस. त्या दिवशी आकडा हवेत शून्यावर आलेला दिसेल पण आतला ३२ बिटांचा काउंटर पुढेच जाईल. हे आज वहीत लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षी कोणीतरी घाबरून नोड काढेल.

ओटीएए असताना काउंटर जपायचाच कशाला, असं सोबतच्या इंजिनीअर ताईंनी विचारलं. पुन्हा जोडणी केली की नवीन किल्ली मिळतेच. मिळते. पण पावसाळ्यात पॅनेलला ऊन मिळालं नाही की बॅटरी काठावर येते. नोड उठतो, रेडिओ चालू करतो, व्होल्टेज पडतं, नोड मरतो, पुन्हा उठतो. प्रत्येक उठण्याला जोडणीची विनंती आणि उत्तराची वाट. उरलेली बॅटरी त्यातच जाते. शिवाय प्रत्येक विनंतीला डेव्हनॉन्स नावाचा आकडा लागतो, तो १६ बिटांचाच आणि पुन्हा वापरायचा नाही. १.०.४ मध्ये तर तो चढत्या क्रमाचा आणि जपून ठेवलेलाच हवा. म्हणून सत्र ईईप्रॉममध्ये, जोडणी अगदी गरज पडली तरच.

एक गोष्ट डेटाशीटमध्ये बारीक छापलेली असते आणि बांधावर मोठी होते: व्होल्टेज पडत असताना ईईप्रॉममध्ये लिहिलं तर भलतंच काही लिहिलं जाऊ शकतं. म्हणून ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारी सोय, २.७ व्होल्टवर चालू, झोपेत तेवढा बंद. काउंटरच्या दोन प्रती दोन जागी, प्रत्येकीला तपासणी बाइट. दोन्ही वाचायच्या, शाबूत असलेल्यांतली मोठी घ्यायची. दोन्ही बिघडल्या तर नवीन जोडणी. अंदाजाने आकडा धरायचा नाही.

संध्याकाळी बॅटरीची वायर हातात धरून शंभरेक वेळा काढली-लावली. ताई सर्व्हरच्या पडद्यासमोर. काउंटर एकदाही मागे आला नाही.

२६ जून

काल अमावास्या, आजची भरती या मोसमातल्या मोठ्यांपैकी. मुंबईला पावणेपाच मीटरचा अंदाज होता. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास खाडी बांधाच्या कडेपर्यंत आली. सगळे नोड बोलत होते. एका उघाडीच्या आतल्या बाजूची वाहकता चढू लागली, पातळी मात्र नेहमीची. जाऊन पाहिलं तर झडपेच्या फटीत नारळाची झावळी. काढली. वाहकता खाली यायला बराच वेळ लागला, पाणी आत मिसळलेलं होतं. पातळी नुसती मोजली असती तर हे ओहोटीपर्यंत कळलं नसतं.

२९ जून

शिळ्या संदेशाची परीक्षा. आपलेच नोड, आपलाच सर्व्हर. एसडीआरने आदल्या दिवशीचा संदेश पकडून परत सोडला. सर्व्हरने नोंद केली: काउंटर जुना, फेकला. अपेक्षित.

मग अवघड परीक्षा. समजा, कोणी गेटवेजवळ गोंगाट करून संदेश पोचूच दिले नाहीत आणि नोडजवळ ते पकडून ठेवले. सर्व्हरसाठी ते न पाहिलेले, काउंटर ताजे. एक अडवून पुढचा पोचू दिला तर अडवलेला मेला. पण सगळेच अडवायचे आणि तासभर उशिरा एकेक करून सोडायचे असं केलं, तर सर्व्हरला सगळं बरोबर दिसतं. क्रम बरोबर, एमआयसी बरोबर. फक्त जग एक तास मागचं. भरतीच्या वेळी एक तास म्हणजे फार.

हवेत जॅमिंग करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे हे टेबलावर केलं: केबल, अ‍ॅटेन्युएटर आणि नोड पत्र्याच्या डब्यात. चाललं. काउंटर एकटा पुरत नाही.

उपाय पेलोडमध्ये वेळ. २ बाइट, मिनिटांत. साडेपंचेचाळीस दिवसांनी आकडा फिरून येतो, तेवढं पुरे. सर्व्हर पाच मिनिटांपेक्षा जुना संदेश नोंदवतो पण भोंग्याच्या निर्णयात धरत नाही, आणि एका नोडकडून असे सलग आले तर स्वतःच बोंब मारतो. नोडचं घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद चुकतं, आठवड्यातून एकदा सर्व्हरकडून वेळ मागून घेतलं की झालं.

ताईंची शंका: दोन बाइट वाढले, बॅटरी? हिशेब केला आणि सुखद धक्का. लोरामध्ये बाइट गठ्ठ्यांनी जातात. एसएफ १० वर २० बाइटांना लागतो तेवढाच वेळ २२ ला लागतो, अगदी २४ पर्यंत तेवढाच. वेळ फुकटात मिळाली.

आणि नुसताच गोंगाट केला, काही परत सोडलंच नाही तर? त्यावर कुठलीही किल्ली चालत नाही. तिथे नियम एकच: सलग तीन संदेश चुकले की सर्व्हर बांधावरच्या माणसाला फोन लावतो. गप्प नोड हा बिघडलेला नोड आहे, असं धरण्याऐवजी गप्प नोड म्हणजे धोका असं धरायचं. पावसाळ्यात यात खोटे फोन येणार. तात्यांना विचारलं. "येऊ दे. जाऊन बघून येऊ, पाय मोकलं हुतील."

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळी नारळ खाडीत, दुपारी बैठक. विषय: आकडे कोणाला दिसावेत?

कोळंबीवाल्या दादांचं म्हणणं, सगळ्यांना. भातवाल्यांचंही तेच. दोन्ही बाजू एका गोष्टीवर एकमत झाल्या हे या प्रकल्पातलं माझ्या दृष्टीने मोठं काम. हा पट्टा चरीच्या शेतकरी संपाचा आहे, १९३३ ते १९३९ चाललेल्या. इथली माणसं दुसऱ्याच्या वहीवर सहज विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवू नयेच.

मग हवेतलं एन्क्रिप्शन काढून टाकू का, असं एकाने विचारलं. लोरावॅनमध्ये ते आपोआप येतं, काढून काही वाचत नाही. आकडे टाकीखालच्या फळ्यावर आणि गावाच्या पानावर उघडे लागतील. बंद राहील ते लिहिण्याचं दार.

दुसरी मागणी आली ती मी नाकारली: एका उघाडीला मोटर बसवून ती मोबाइलवरून उघडता यावी. तांत्रिकदृष्ट्या होईल. पण वाचणाऱ्या नोडची किल्ली गेली तर खोटा आकडा येतो, उघडणाऱ्या नोडची गेली तर खाडी शेतात येते. गेली कित्येक वर्षं झडप पाण्याच्या जोरावर चालते आहे, तिला पासवर्ड लागत नाही. थोडी कुरकुर झाली. बैठकीत नोंद झाली आहे.

१८ ऑगस्ट

दिवसभर मुसळधार. बाहेर पडणं नाही, म्हणून वाचन. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने अ‍ॅस्कॉनचं मानक या महिन्यात पक्कं केलं. छोट्या चिपसाठीचं सांकेतीकरण. निवड फेब्रुवारी २०२३ मध्येच झाली होती. गुप्तता आणि खरेपणाची मोहोर एकाच फेरीत देतं आणि एईएसचं हार्डवेअर नसलेल्या चिपवर हलकं पडतं. आमच्या अ‍ॅटमेगाला शोभलं असतं. पण लोरावॅनमध्ये एईएसच आहे, आणि वर हिशेब केलाच आहे: आमची वीज सांकेतीकरणात जात नाही, रेडिओत जाते. शिवाय नॉन्स पुन्हा न वापरण्याची अट अ‍ॅस्कॉनलाही आहेच. बदल नाही.

सगळे नोड चालू. पॅनेल जवळपास निरुपयोगी, एका नोडची बॅटरी काठावर. तो दोनदा मरून उठला, काउंटर दोन्ही वेळा पुढे उडी मारून आला.

३० ऑगस्ट

गणपतीच्या गर्दीत तिवरांमागच्या उघाडीवरचं खोकं गेलं. पहाटे तीन संदेश चुकले, फोन गेला, दोघं जाऊन आले: खांब आहे, खोकं नाही. केबल सुरीने कापलेली.

पहिलं काम सर्व्हरवर. त्या नोडची नोंद काढून टाकली. आता त्याच्या किल्लीने आलेला कुठलाही संदेश अनोळखी. बाकीच्या नोडांना हात लावावा लागला नाही. मे महिन्यातल्या एकाच किल्लीचे नोड असते तर आज सणासुदीत सगळा बांध पायाखाली घालावा लागला असता.

दुपारी खोकं सापडलं, ओढ्याच्या कडेला, उघडलेलं. लिथियमचे सेल गेले होते, बोर्ड तसाच. कोणालातरी टॉर्चला सेल हवे होते, बहुधा. तरी बोर्ड परत त्याच किल्लीने लावायचा नाही. लॉक बिट शाबूत होते, पण तो कोणाच्या हातात किती वेळ होता हे माहीत नाही. चिप पूर्ण पुसली, नवी मूळ किल्ली, वहीत जुन्या ओळीवर काट मारून तारीख.

५ सप्टेंबर

नव्या किल्लीचा नोड तयार. खोक्याला आता आतून वळणारे स्क्रू, आणि झाकणावर तात्यांच्या नातवाने रंगवलं आहे: "यात सेल नाहीत". आहेत, पण ते खांबाच्या पाइपात खाली घातलेत. ७ तारखेला पौर्णिमा, ओहोटी सकाळी सहा-सातच्या सुमारास पूर्ण उतरेल, तेव्हा खाडीकडचा सेन्सर बसवायचा. ताई सर्व्हरवर थांबतील. जोडणी झाल्यावर पहिला संदेश काउंटर शून्याने आला पाहिजे, दुसऱ्यानंतर बॅटरी काढून लावायची, तिसरा किमान ६४ ने यायला हवा. तो तसा आला नाही तर नोड परत घेऊन यायचा, बांधावर दुरुस्ती करायची नाही.